फ्री सॉफ्टवेअरने डीव्हीडी बनत नाही म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले दोन-तीन आठवडे एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. लग्नांचे व्हिडिओ हातात पडायचे दिवस आहेत म्हणून असेल. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की मोबाईल किंवा कॅमेऱ्यातल्या फाईलची टीव्हीवर लागणारी डीव्हीडी करायची असेल तर फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, कारण एक, क्वालिटी जाते, दोन, व्हिडिओवर त्यांचं नाव उमटतं, तीन, व्हायरस येतो, चार, लायसन्स नसल्यामुळे ते बेकायदेशीर असतं, पाच, बनवलेली डिस्क प्लेयर उचलतच नाही, आणि सहा, एचडी डीव्हीडी फक्त पेड सॉफ्टवेअरमध्येच बनते. खाली एका पेड सॉफ्टवेअरचं नाव आणि त्याखाली "पैसे नसतील तर क्रॅकची लिंक पर्सनलवर मागा" (क्रॅक म्हणजे पैसे न भरता पेड सॉफ्टवेअर चालवायची चोरीची सोय).

मी हे लिहायला बसले कारण हा मेसेज वाचून आमच्या काकांनी २,२०० रुपये भरले. एका वर्षाचं लायसन्स. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना गावाकडे आत्याला नातीच्या लग्नाची डीव्हीडी पाठवायची होती, आत्याकडे स्मार्ट टीव्ही नाही, नेट रडतखडत चालतं, पण जुना डीव्हीडी प्लेयर आहे आणि तो तिला स्वतःला लावता येतो, कुणाला हाक मारावी लागत नाही. काकांनी पैसे भरले, दोन दिवस बसून डिस्क केली, कुरियरने पाठवली, आणि आत्याच्या प्लेयरने ती उचलली नाही. काकांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. मला त्याचाच जास्त राग आला.

म्हणून पाचव्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

डिस्क प्लेयरवर लागते की नाही याचा सॉफ्टवेअर फुकट की विकतचं याच्याशी काही संबंध नाही. डीव्हीडी प्लेयर म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. त्याला काय समजतं आणि काय नाही हे १९९६ मध्ये पहिले प्लेयर जपानमध्ये विकायला आले तेव्हाच ठरलेलं होतं, आणि ते आजही तेच आहे. व्हिडिओ एमपेग-२ मध्ये पाहिजे (व्हिडिओ दाबून लहान करायची ती एक ठरलेली पद्धत), फ्रेमचा साईझ आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणि तो एसी-३, एमपी२ नाहीतर पीसीएम या प्रकारातला, व्हिडिओचा बिटरेट म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट. एवढं करूनही भागत नाही, कारण डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं आणि त्यात तीन प्रकारच्या फाईल्स, व्हीओबी ज्यात चित्र आणि आवाज असतो (एक फाईल १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून त्यांचे तुकडे दिसतात), आयएफओ ज्यात कुठून सुरू करायचं, मेनू कुठे, चॅप्टर कुठे याची माहिती असते, आणि बीयूपी म्हणजे त्या आयएफओचीच जादा कॉपी, ओरखडा पडला तर उपयोगी पडावी म्हणून. डिस्क आत गेली की प्लेयर ही आयएफओ शोधतो. ती नसेल तर तुमचा व्हिडिओ कितीही सुंदर असो, त्याच्या लेखी ती व्हिडिओची डीव्हीडीच नाही.

म्हणजे कामं तीन आहेत. फाईल एमपेग-२ मध्ये कन्व्हर्ट करणं, मग त्यातून ते फोल्डर आणि मेनू तयार करणं ज्याला ऑथरिंग म्हणतात, आणि शेवटी डिस्क राईट करणं. लोकांचं जे फसतं ते जवळजवळ प्रत्येक वेळी मधल्या कामावर फसतं. काहीजण एमपी४ फाईलचं नाव बदलून शेवटी व्हीओबी लावतात, त्याने आतलं काहीच बदलत नाही. आणि सगळ्यात जास्त फसवतो तो विंडोजचा एक बॉक्स. रिकामी डिस्क टाकून फाईल पाठवली की विंडोज विचारतं, ही डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राईव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेयरसोबत? साहजिकच माणूस दुसरं निवडतो, तसंच तर पाहिजे ना आपल्याला! पण तिथे विंडोज काहीही कन्व्हर्ट करत नाही, आहे तीच एमपी४ जशीच्या तशी डेटा डिस्कवर टाकतं. ती कॉम्प्युटरवर मस्त चालते, म्हणून आपण खुशीत कुरियर करतो, आणि तिकडे प्लेयर गप्प. विंडोज ७ मध्ये विंडोज डीव्हीडी मेकर होतं जे खरोखर व्हिडिओ डीव्हीडी करून द्यायचं, विंडोज ८ पासून ते काढून टाकलं, त्यामुळे ज्यांना पूर्वी जमत होतं त्यांचंही आता अडतं.

काकांचंही त्या मधल्या कामावरच, ऑथरिंगवरच, अडलं होतं. त्यांच्या त्या पेड सॉफ्टवेअरमध्ये "डीव्हीडी" लिहिलेलं बटण होतं, पण त्यातून मिळायची फक्त एक एमपेग-२ फाईल, ऑथरिंगचं सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं वेगळं आणि त्याचे पैसे वेगळे. हे पानावर कुठेतरी खाली बारीक अक्षरात होतं.

आता यावर मेसेजला उत्तर म्हणून काहीजण लिहितायत "हँडब्रेक वापरा, फ्री आहे, बेस्ट आहे". हँडब्रेक हा व्हिडिओ कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम फ्री आहे आणि खरंच उत्तम आहे पण तो या कामाचा नाही. त्यातून एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच बाहेर पडतं. तो डीव्हीडी वाचू शकतो, बनवू शकत नाही, काम उलट्या दिशेचं आहे. मग लोक तो टाकून बघतात, डीव्हीडी होत नाही, आणि "बघा, फुकटात होतच नाही" हा मेसेजवाल्यांचा मुद्दा खरा वाटायला लागतो.

तिन्ही कामं करणारी फ्री सॉफ्टवेअर वेगळी आहेत. विंडोजवर मी डीव्हीडीस्टायलर वापरते, त्यात एमपी४ ओढून टाकायची, मेनूचं चित्र निवडायचं (लग्नाची पत्रिका स्कॅन करून टाकली की फार छान दिसते), चॅप्टर लावायचे, म्हणजे हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पाठवणी असं वेगवेगळं निवडता येतं, मग बर्न दाबलं की कन्व्हर्ट, ऑथरिंग आणि राईट हे एकामागून एक तोच करतो. लिनक्सवर पण तो चालतो. मेनूचं काही नको, नुसती डिस्क टाकली की सुरू व्हावी एवढंच पाहिजे असेल तर विंडोजवर एव्हीएस-टू-डीव्हीडी आहे, लिनक्सवर डेव्हेडे एनजी आहे आणि राईट करायला के३बी. डीव्हीडी फ्लिकचं नाव अजून खूप जण सुचवतात, सोपं आहे, पण त्याचं शेवटचं व्हर्जन २००९ चं आहे, आजच्या मोबाईलच्या फाईल्स त्यात अडखळतात, त्यामुळे मी आता सुचवत नाही. आणि कमांड टाईप करायची भीती नसेल तर एफएफएमपेग हा कन्व्हर्ट करणारा प्रोग्राम, त्यात "टार्गेट" म्हणून "पाल-डीव्हीडी" दिलं की साईझ, फ्रेम, आवाज सगळं एका फटक्यात नियमात बसवून देतो, फक्त ऑथरिंग तेवढं दुसरीकडे करायचं.

याच मुद्द्यात अजून दोन-तीन गोष्टी, कारण इथे लोकांच्या डिस्क वाया जातात. पाल की एनटीएससी, म्हणजे कुठल्या देशाच्या टीव्ही पद्धतीची डिस्क, ते आधी ठरवा. भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी म्हणजे ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दोन्ही चालवतात, पण अमेरिकेतले बरेच प्लेयर पाल डिस्क घेत नाहीत, त्यामुळे न्यू जर्सीच्या मावशीला पाठवायची डिस्क एनटीएससीतच करा. रीजन कोडची, म्हणजे डिस्क जगातल्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर लागावी त्या आकड्याची, काळजी करू नका, भारताचा ५ आणि अमेरिकेचा १ हे बाजारातल्या पिक्चरच्या डिस्कला लागू, घरी केलेल्या डिस्कवर रीजनचं बंधन टाकायची गरजच नसते. जुन्या प्लेयरसाठी कोऱ्या डिस्कच्या दोन प्रकारांतली डीव्हीडी मायनस आर (DVD-R) घेतलेली बरी, प्लसपेक्षा (DVD+R) ती जास्त प्लेयर उचलतात असा माझा अनुभव. स्पीड ४ किंवा ८ ठेवा, १६ वर घाई नको. शेवटी डिस्क फायनलाईज, म्हणजे राईट करणं पूर्ण करून बंद, झालीच पाहिजे. आणि एक आरडब्ल्यू म्हणजे पुसून परत वापरता येणारी डिस्क घरात ठेवा, आधी त्यावर करून खऱ्या प्लेयरवर लावून बघा, चुकलं तर पुसून परत, कोऱ्या डिस्क फुकट जात नाहीत.

आता क्वालिटी. मेसेजमधलं "फुकटचं सॉफ्टवेअर क्वालिटी खातं" हे वाक्य लोकांना पटतं कारण त्यांनी खरंच खराब डीव्हीडी बघितलेल्या असतात, चौकोन चौकोन दिसणाऱ्या, चेहरे पुसट झालेल्या. पण त्याचं कारण साधं गणित आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं (कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो, तो मोजतो वेगळ्या पद्धतीने, डिस्क खोटी नसते). एवढी जागा एक तासाला वाटली तर सेकंदाला १० मेगाबिटच्या वर येते, म्हणजे नियमात बसतं तेवढं सगळं वापरता येतं. दोन तासांना वाटली तर साधारण ५.२, त्यातून आवाज आणि बाकीचा खर्च वजा करता चित्राला ५ च्या आतच उरतात, अजूनही छान. तीन तासांना साडेतीनच्या आत. चार तासांना २.६, आणि तिथे वरातीतले लाईट, फुलं, नाचणारी माणसं असलं काही आलं की चौकोन पडणारच. आपल्याकडे लग्नाचा व्हिडिओ किती तासांचा असतो ते सांगायला नको! तो एका डिस्कवर कोंबला की २,२०० चं सॉफ्टवेअर असू दे नाहीतर बावीस हजारांचं, जागा तेवढीच आहे. उपाय दोन, दोन डिस्क करा, किंवा ८.५ जीबीची ड्युअल लेयर घ्या, ती महाग पडते आणि जुने प्लेयर कधी कधी लेयर बदलताना अडतात म्हणून मी दोन साध्या डिस्कच करते. सॉफ्टवेअरमध्ये टू-पास असेल तर ते निवडा, वेळ दुप्पट लागतो पण जिथे हालचाल जास्त तिथे जास्त बिट आणि जिथे भटजी शांत बसलेत तिथे कमी, अशी वाटणी नीट होते.

आणि बऱ्याच पेड कन्व्हर्टरच्या आत कन्व्हर्ट करायला जे बसलेलं असतं ते एफएफएमपेगच असतं. तोच जो २००० साली फाब्रिस बेलार्ड यांनी सुरू केला आणि जो आजही कुणालाही फुकट मिळतो. त्याचं लायसन्स न पाळता तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून विकणाऱ्यांची यादीच एफएफएमपेगवाल्यांनी एकेकाळी ठेवली होती. म्हणजे अशा ठिकाणी आपण पैसे देतो ते वरच्या चकचकीत बटणांचे.

क्वालिटीतच मोडणारी एक खरी तक्रार आहे, आवाज हळूहळू पुढे-मागे होतो, सुरुवातीला ओठ जुळतात आणि तासाभराने "शुभमंगल सावधान" आधी ऐकू येतं आणि टाळ्या नंतर दिसतात. हे मोबाईलच्या व्हिडिओत होतं कारण मोबाईल एकसारख्या फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, आणि डीव्हीडीला तर बरोबर २५ लागतात. इथे मात्र हँडब्रेक खरंच कामाला येतो, आधी त्यात फाईल टाकून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून २५ करायचं, क्वालिटीचा आकडा १६-१८ ठेवायचा म्हणजे काही जात नाही (आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, हे उलटं आहे, लक्षात ठेवा), आणि ती फाईल मग डीव्हीडीस्टायलरला द्यायची. जुन्या हँडीकॅमच्या कॅसेट उतरवल्या असतील तर त्या इंटरलेस असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत, फील्डमध्ये, साठवलेली असते, त्यांना डीइंटरलेस करू नका, डीव्हीडी आणि जुना टीव्ही दोन्ही इंटरलेससाठीच बनलेत, फक्त फील्डचा क्रम बरोबर द्या, डीव्ही कॅसेटला खालची फील्ड आधी असते. तो उलटा गेला की माणसं चालताना थरथरल्यासारखी दिसतात, आणि मग दोष सॉफ्टवेअरला.

व्हिडिओवर नाव उमटतं हा दुसरा मुद्दा. उमटतं, खरं आहे, माझ्याच चुलतबहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांना अंतरपाटावर एका कंपनीचं नाव आलंय, ती डिस्क घरातल्या कुणी परत लावली नाही. पण ते फ्री सॉफ्टवेअर नव्हतंच, ती ट्रायल होती. "फ्री डाऊनलोड" लिहिलेलं असतं, म्हणजे उतरवून घेणं फुकट, वापरणं नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यातलं एकही व्हिडिओवर काहीही छापत नाही. तपासायचं सोपं आहे, साईटवर "किंमत" किंवा "आत्ता खरेदी करा" असं पान असेल तर ती ट्रायल समजा, आणि पूर्ण व्हिडिओ घालायच्या आधी दोन मिनिटांचा तुकडा करून बघा.

व्हायरसच्या मुद्द्यावर मी त्यांना पूर्ण खोटं म्हणणार नाही. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेकच्या डाऊनलोडच्या एका सर्व्हरवर घुसून कुणीतरी मॅकच्या फाईलच्या जागी व्हायरसवाली फाईल ठेवली होती, चार-पाच दिवस ती तिथे होती. इमेजबर्न या डिस्क राईट करणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरच्या २०१३ च्या इन्स्टॉलरसोबत ओपनकँडी नावाचं जाहिरातींचं लचांड यायचं. तेव्हा सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साईटवरूनच घ्या, पहिली दिसणारी लिंक बऱ्याचदा जाहिरात असते ती सोडा, इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत न जाता प्रत्येक पान वाचा आणि नको त्या टिक काढा. हँडब्रेकवाल्यांनी २०१७ मध्ये स्वतः जाहीर केलं, कोणत्या तारखांना डाऊनलोड केलेलं तपासा ते सांगितलं, फाईल खरी आहे का बघायचा चेकसम दिला. पण जो मेसेज व्हायरसची भीती घालतो तोच खाली क्रॅकची लिंक देतो हे मला सहन होत नाही. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या कॉम्प्युटरवर तुमचं बँकेचं काम चालतं त्यावर अनोळखी माणसाने दिलेली फाईल अँटीव्हायरस बंद करून चालवायची, याहून मोठा धोका घरबसल्या दुसरा नाही. कृपा करून हे करू नका, आईवडिलांना करू देऊ नका.

बेकायदेशीर म्हणाल तर डीव्हीडीस्टायलर जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे लायसन्स आहेच, आणि ते वापरायला, वाटायला स्पष्ट परवानगी देतं. एमपेग-२ ची पेटंटं हा पूर्वी खरा प्रश्न होता, अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं. बाजारातल्या पिक्चरच्या डीव्हीडीचं लॉक तोडून कॉपी करणं हा वेगळा विषय, २०१२ पासून आपल्या कॉपीराईट कायद्यात त्यासाठी ६५ए कलम आहे, आणि ते फुकट आणि पेड दोन्हींना सारखंच. स्वतःच्या घरच्या लग्नाच्या व्हिडिओला यातलं काही लागू नाही.

एचडी डीव्हीडीचं तर एका वाक्यात. डीव्हीडी व्हिडिओ ७२० बाय ५७६ च्या वर जातच नाही, मोबाईलमधला १९२० बाय १०८० चा व्हिडिओ त्यात बसवताना लहान होणारच, एचडी पाहिजे तर ब्लू-रे लागते नाहीतर पेन ड्राईव्ह. जो कुणी साध्या प्लेयरसाठी "एचडी डीव्हीडी" विकतो तो लेबल विकतो.

पेन ड्राईव्हवरून आठवलं, डिस्कच्या मागे लागायच्या आधी प्लेयरला पुढे यूएसबी आहे का बघा. २०१० च्या आसपासच्या बऱ्याच प्लेयरना असतं आणि डिव्हएक्सचा लोगो असतो. ते मोबाईलची एमपी४ सहसा घेत नाहीत पण एक्सव्हिड व्हिडिओ आणि एमपी३ आवाजाची एव्हीआय घेतात, साईझ ७२० बाय ५७६ च्या आत ठेवायचा. तीन तासांचं लग्न एका पेन ड्राईव्हवर, ऑथरिंगची भानगडच नाही. आणि डिस्क केली की मूळ फाईल उडवू नका, डीव्हीडीवर गेलेली कॉपी लहान केलेली आहे, तिच्यावरून मूळ परत मिळत नाही, ती हार्ड डिस्कवर ठेवा आणि अजून एका ठिकाणी ठेवा.

आत्याच्या प्लेयरला यूएसबी नाही. म्हणून गेल्या रविवारी काकांकडे बसून डीव्हीडीस्टायलरमध्ये दोन डिस्क केल्या, पाल, एकेकीवर पावणेदोन तास, मेनूवर पत्रिका आणि चार चॅप्टर. आधी आरडब्ल्यूवर करून शेजारच्यांच्या जुन्या प्लेयरवर लावून बघितलं, मग मायनस आरवर ४ च्या स्पीडने. त्या २,२०० रुपयांच्या लायसन्सचं पुढच्या वर्षीचं आपोआप कापले जाणारं रिन्युअल चालू होतं, काकांना ते माहीतच नव्हतं, तेही त्याच दिवशी बंद केलं. बुधवारी आत्याचा फोन आला, मंगलाष्टकं तीनदा लावली म्हणाली, चॅप्टरचं बटण तिने स्वतः शोधून काढलं.